विश्लेषण : पुणे–नाशिक रेल्वेच्या वाटेत कृष्णविवरांचे झोत कसे आले?

कोट्यवधी प्रकाशवर्षे लांबीचे झोत टिपणारी खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण रेल्वेच्या ठिणगीला का घाबरते? तिने आजवर काय दिले? आणि तिच्यासाठी जुन्नर–संगमनेरने रेल्वे सोडायची का?

पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा आखला होता. अंतर सुमारे २३५ किलोमीटर, वेग ताशी २०० किलोमीटरपर्यंत. काही गावांत भूसंपादनही सुरू झाले होते. मात्र नारायणगावजवळच्या खोडद येथील ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजे जीएमआरटी या दुर्बिणीचे कारण देत रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी हा मार्ग शक्य नसल्याचे सांगितले. पुणे–अहिल्यानगर–शिर्डी–नाशिक असा पर्याय २०२५ च्या अखेरीस पुढे आला आणि जुन्नर, आंबेगाव, संगमनेर पट्ट्यात नाराजी उसळली. ‘आकाशातले तारे बघायला आमची रेल्वे का रोखता?’ असा तो सवाल आहे.

सवाल रास्त आहे. रेल्वेची वाट पाहणे म्हणजे काय, हे कोरपना तालुक्यातील वाचकाला वेगळे सांगायला नको. गडचांदूरला सिमेंटच्या मालगाड्या जातात. प्रवासी गाडीची मागणी मात्र वर्षानुवर्षे मागणीच राहिली आहे. पण या सवालाचे उत्तर द्यायचे तर खोडदची दुर्बीण नेमके काय पाहते, हे आधी समजून घ्यावे लागते. ती तारे पाहत नाही, असे म्हटले तरी चालेल. ती जे पाहते, ते डोळ्यांना कधीच दिसत नाही.

खोडदला नेमके काय आहे?

पुण्यापासून उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर द्राक्षे, टोमॅटो आणि उसाच्या शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. त्यांतील १४ अँटेना सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत. दोन टोकांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. सगळ्या अँटेनांचे संदेश जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने एका ठिकाणी आणून एकत्र केले, की २५ किलोमीटर रुंद दुर्बिणीइतका बारकावा मिळतो. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी आकाशाकडे थोड्या वेगळ्या कोनातून पाहते आणि त्यातून चित्र तयार होते.

ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. त्याआधी त्यांनीच १९७० मध्ये उटीला ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली होती. खोडदच्या अँटेनांमध्ये त्यांनी जाड पत्र्याऐवजी पोलादी दोऱ्यांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना जाळीतली छिद्रे ‘दिसत’च नाहीत, त्या आरशावरून परतावे तशा परततात. वारा मात्र जाळीतून आरपार जातो. त्यामुळे अँटेना हलकी झाली आणि खर्च आवाक्यात आला. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे, म्हणजे एनसीआरएकडे तिची जबाबदारी आहे. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली आहे आणि तिच्यावर निरीक्षणासाठी येणारी मागणी उपलब्ध वेळेपेक्षा जास्तच असते. गेल्या दशकात तिचे मोठे अद्ययावतीकरण झाले. आता ती साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करते.

कृष्णविवर गिळते, मग झोत कुठून येतो?

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, हे शाळेत सगळे शिकतात. मग त्यातून झोत कसा बाहेर पडतो? उत्तर असे, की तो आतून येतच नाही. तो उंबरठ्याबाहेरच तयार होतो.

बहुतेक मोठ्या आकाशगंगांच्या केंद्रात सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातले सुमारे ४० लाख सूर्यांचे आहे आणि सध्या ते जवळजवळ उपाशी आहे. जिथे वायू भरपूर असतो, तिथे तो सरळ आत पडत नाही. बेसिनच्या भोकाभोवती पाणी फिरावे तसा तो गोल फिरत तबकडी बनवतो. तबकडीचे थर एकमेकांवर घासतात, तापतात आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते.

किती प्रचंड? चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. ते चालवायला रोज वाघिणीमागून वाघिणी कोळसा लागतो. कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत पडणाऱ्या पदार्थाच्या वस्तुमानापैकी साधारण दहावा हिस्सा ऊर्जेत बदलू शकतो. म्हणजे एक किलो पदार्थातून मिळणाऱ्या ऊर्जेइतकी वीज तयार करायला चंद्रपूरचे केंद्र पूर्ण क्षमतेने सुमारे ३५ दिवस चालवावे लागेल. सूर्याच्या पोटात चालणाऱ्या अणुसंमीलनातही एका टक्क्याहून कमी वस्तुमानाची ऊर्जा होते. विश्वात याहून कार्यक्षम भट्टी क्वचितच सापडेल.

आता झोत. तापलेला वायू विद्युतभारित असतो आणि तो आपल्यासोबत चुंबकीय क्षेत्र ओढून आणतो. कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असेल, तर ते आजूबाजूच्या अवकाशालाच सोबत फरपटत नेते आणि चुंबकीय रेषांना दोरखंडासारखा पीळ पडतो. हा पीळ अक्षाच्या दोन्ही दिशांना, वर आणि खाली, कणांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने ढकलतो. रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही सर्वाधिक स्वीकारली जाते. तिच्यानुसार झोताची ऊर्जा मुख्यतः कृष्णविवराच्या फिरण्यातून येते. ते जणू एक अवाढव्य डायनॅमो आहे. वेग प्रकाशवेगाच्या इतका जवळ असल्याने आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताशिवाय त्याचे गणित सुटत नाही. म्हणून या झोतांना सापेक्षतावादी झोत म्हणतात.

असा झोत पहिल्यांदा दिसला तो १९१८ मध्ये. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिस यांना एम८७ या आकाशगंगेच्या केंद्रातून निघालेला एक विचित्र सरळ किरण दिसला. तो काय आहे हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. त्याच एम८७ च्या केंद्रातील साडेसहा अब्ज सूर्यांच्या कृष्णविवराची सावली १० एप्रिल २०१९ रोजी ‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ने जगाला दाखवली. किरण दिसला त्याला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती.

गडचांदूरची चिमणी आणि आकाशातला झोत

झोत निघतो कसा यापेक्षा तो पुढे जाऊन काय करतो, हे खोडदच्या दुर्बिणीचे खास क्षेत्र. इथे कोरपना तालुक्यातील वाचकाला एक सोपी सोय आहे. गडचांदूर किंवा आवारपूरकडे जाताना सिमेंट कारखान्याच्या चिमणीकडे थंडीच्या सकाळी पाहावे. तोंडाशी धूर बारीक आणि जोरकस असतो. वर गेल्यावर तो हवेशी झुंजतो, फुगतो, त्याचे ढग होतात. वारा असेल तर सगळा लोट एका बाजूला वाकतो. चिमणीतला जोर कमी असेल, तर धूर लगेच पसरतो; जास्त असेल, तर बराच उंच सरळ जातो.

आकाशगंगांबाहेरची पोकळी पूर्ण रिकामी नाही. तिथे अतिविरळ, तप्त वायू असतो. झोत त्याला भेदत जातो. कमी ताकदीचे झोत केंद्राजवळच विसकटतात. ताकदवान झोत लांबवर सरळ जाऊन टोकाला आदळतात आणि तिथे दोन बाजूंना दोन प्रचंड फुगवटे तयार होतात. हा फरक १९७४ मध्ये फॅनारॉफ आणि रायली यांनी मांडला आणि आजही रेडिओ आकाशगंगांचे वर्गीकरण त्यावरूनच होते. आकाशगंगा समूहातील वायूतून वेगाने धावत असेल, तर तिचे झोत धुराच्या लोटासारखे मागे वाकतात. झोताच्या आकारावरून न दिसणाऱ्या वायूची घनता आणि हालचाल ओळखता येते, ती अशी. उपमेला एक मर्यादा आहे. धूर तापल्यामुळे वर चढतो, झोताला मात्र मागून रेटा असतो.

पोर्फिरियन : १४० आकाशगंगा एका ओळीत

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आजवरच्या सर्वांत लांब झोतजोडीचा शोध प्रसिद्ध झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबी सुमारे २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे. आपल्यासारख्या १४० आकाशगंगा ओळीत मांडल्या तर तेवढी लांबी भरेल. आपली शेजारीण देवयानी आकाशगंगा २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. हा झोत त्या अंतराच्या नऊपट. ग्रीक पुराणातील राक्षसाच्या नावावरून त्याला ‘पोर्फिरियन’ म्हटले गेले. कॅल्टेकचे मार्टाइन ओई यांच्या नेतृत्वाखालील चमूने युरोपातील ‘लोफार’ या रेडिओ दुर्बिणीच्या आकाशनकाशात तो शोधला.

पण शोध तिथे संपत नव्हता. एवढ्या लांब आकृतीच्या मध्यभागी अनेक आकाशगंगा येतात. झोत कोणाचा? चिमणी दिसत नसताना दोन लांबच्या ढगांवरून कारखाना शोधण्यासारखे हे काम. त्यासाठी चमू ज्या दुर्बिणीकडे वळला, ती खोडदची. जीएमआरटीची निरीक्षणे आणि अमेरिकेतील ‘डेसी’ प्रकल्पाची माहिती जुळवून यजमान आकाशगंगा निश्चित झाली. ती आपल्या आकाशगंगेच्या सुमारे दहापट वस्तुमानाची निघाली. हवाईतील केक वेधशाळेने तिचे अंतर मोजले. विश्व ६.३ अब्ज वर्षांचे, म्हणजे आजच्या निम्म्याहून कमी वयाचे असतानाची ती आहे.

यात महत्त्वाचे काय? केवळ विक्रम नव्हे. आकाशगंगा विश्वात सर्वत्र सारख्या पसरलेल्या नाहीत; त्या जाळ्याच्या धाग्यांवर आहेत आणि मधे प्रचंड पोकळ्या आहेत. पोर्फिरियनचे झोत इतके लांब आहेत, की ते एका आकाशगंगेची घरगुती बाब राहत नाहीत. ते या विश्वजाळ्यातील पोकळ्यांपर्यंत ऊर्जा, कण आणि चुंबकीय क्षेत्र नेऊ शकतात. त्या वेळी विश्व आजच्यापेक्षा लहान होते, म्हणजे झोतांची पोच तुलनेने आणखी मोठी. अवकाशात सगळीकडे आढळणारे चुंबकत्व आले कुठून, या जुन्या कोड्याचा एक धागा इथे असू शकतो. दुसरा धक्का असा, की ज्या प्रकारच्या झगझगीत केंद्राकडून इतक्या लांब झोताची अपेक्षा नव्हती, तसेच केंद्र इथे निघाले.

जीएमआरटीच्या नावावर असे बरेच काही आहे. सर्पधारी तारकासमूहाच्या दिशेने ३९ कोटी प्रकाशवर्षांवरील एका आकाशगंगा समूहात, कृष्णविवराच्या उद्रेकाने तप्त वायूत खोदलेले विवर २०२० मध्ये जाहीर झाले. ते इतके मोठे आहे, की त्यात आपल्यासारख्या १५ आकाशगंगा ओळीने मावतील. क्ष-किरण दुर्बिणींना फक्त त्याची कड दिसत होती. ते विवर झोताच्या जुन्या कणांनी भरलेले आहे, हे दाखवण्यात जीएमआरटीच्या माहितीचा वाटा होता. पुण्याच्या आयुकात असताना डॉ. जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सर्पिल आकाशगंगेतून निघालेले सुमारे ६० लाख प्रकाशवर्षे पसरलेले झोत मांडले. झोत सहसा लंबगोल, म्हाताऱ्या आकाशगंगांतून निघतात, या समजाला त्याने तडा गेला. २०२५ मध्ये त्याच आकाशगंगेवर पुढचा अभ्यास आला. केंद्रात एवढा उत्पात असूनही तिची सर्पिल तबकडी शाबूत कशी, हा त्यातला खरा प्रश्न. आपली आकाशगंगाही सर्पिलच असल्याने तो अगदीच परका नाही.

आणि जून २०२३ मधली एक मोठी बातमी. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांभोवती फिरताना उठणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरींची चाहूल जगभरातील गटांनी जाहीर केली. त्यात भारतीय गटाची निरीक्षणे खोडदचीच होती. स्पंदक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे मोजून हे साधले. वाटेतल्या वायूमुळे ठोके किती उशिरा पोहोचतात, हे कमी वारंवारतेवर सर्वांत चांगले कळते.

कमी वारंवारताच का?

झोतातील इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेतात आणि गिरकी घेताना रेडिओ लहरी सोडतात. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन उच्च वारंवारतेवर चमकतात, पण लवकर थकतात. कमी ऊर्जेचे मंद चमकतात आणि दीर्घकाळ टिकतात. म्हणून झोत बंद पडून कोट्यवधी वर्षे झाली, तरी त्याची राख कमी वारंवारतेवर धुमसताना दिसते. उच्च वारंवारतेवर पाहणाऱ्या दुर्बिणीला तिथे अंधार दिसेल. कृष्णविवर पूर्वी कधी जेवले, किती वेळा जेवले, हा इतिहास मीटर लांबीच्या लहरींत साठलेला आहे आणि या पट्ट्यात खोडदसारख्या दुर्बिणी जगात मोजक्याच आहेत.

अडचण अशी, की नेमका हाच पट्टा माणसालाही हवा आहे. टीव्ही, वॉकीटॉकी, विमानांचा संपर्क आणि मोबाइल. जीएमआरटीचे चार पट्टे आहेत. त्यांत ८५० ते १०५० मेगाहर्ट्झ ही जागा मोकळी सोडलेली आहे. ९०० मेगाहर्ट्झचा मोबाइल तिथेच बोलतो. पण २०२२ च्या लिलावात ५जी साठी विकला गेलेला ७०० मेगाहर्ट्झ पट्टा दुर्बिणीच्या ५५० ते ८५० या कक्षेत येतो. हा लेख ज्या स्मार्टफोनवर वाचला जात आहे, तोच कदाचित त्या लहरींवर चालत असेल.

एका ठिणगीने काय बिघडते?

दूरच्या झोतांकडून येणारे संदेश किती क्षीण असतात, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. समजा चंद्रावर एक साधा मोबाइल सुरू करून ठेवला. पृथ्वीवरून पाहिले, तर त्याच्या वारंवारतेवर तो आकाशातील ठळक रेडिओ स्रोतांच्या पंक्तीत बसेल. जीएमआरटी जे शोधते, ते त्याहून लाखो पटींनी मंद असते. म्हणून दुर्बिणीच्या आवारात पाहुण्यांना फोन बंद ठेवायला सांगतात.

रेल्वेचा प्रश्न फोनपेक्षा वेगळा आहे. फोन ठरलेल्या वारंवारतेवर बोलतो. तेवढी पट्टी वगळता येते. ठिणगीला अशी पट्टी नसते. बल्लारशा स्थानकावर रात्री इंजिनाच्या पँटोग्राफजवळ, वरच्या तारेशी निळसर ठिणगी उडताना अनेकांनी पाहिली असेल. त्या क्षणी ती सगळ्याच वारंवारतांवर ओरडते. जुन्या टीव्हीवर शेजारून स्कूटर गेली की मुंग्या नाचायच्या, तोच प्रकार. २५ हजार व्होल्टच्या तारेखालून ताशी २०० किलोमीटरने गाडी जाते, तेव्हा अशा ठिणग्या, मोटारींना वीज पुरवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, डब्यातील वायफाय आणि शेकडो प्रवाशांचे फोन हे सगळे एकत्र येते.

खोडदला ठिणग्यांचा त्रास नवा नाही. परिसरातील उच्चदाब वीजवाहिन्यांवर सैल जोडणी किंवा खराब इन्सुलेटरमुळे उडणाऱ्या ठिणग्या हे तिथल्या अभियंत्यांचे जुने दुखणे. अशा ठिणग्या तत्काळ ओळखून बाजूला काढणारी यंत्रणा तिथे विकसित झाली आहे. इथे एक प्रश्न साहजिक येतो : मग रेल्वेच्या ठिणग्याही गाळून टाका. अंशतः ते शक्य आहे. पण गाळणे म्हणजे तेवढ्या क्षणाची माहिती फेकून देणे. अधूनमधून उडणारी ठिणगी परवडते. दिवसभर ये-जा असेल, तर फेकलेला भाग वाढत जातो. शिवाय जी ठिणगी ओळखू येण्याइतकी मोठी नसते, ती चित्रात मिसळून राहते आणि जास्त घात तीच करते.

गंमत म्हणजे हे शास्त्रच अशा गोंगाटाच्या तक्रारीतून जन्मले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबोरेटरीजचे अभियंता कार्ल जान्स्की रेडिओ टेलिफोनमधल्या खरखरीचे कारण शोधत होते. वीज-वादळे वगळल्यावरही एक सूक्ष्म सूं-सूं उरत होती. ती आकाशगंगेच्या केंद्राकडून येत होती.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेने १९५८ मध्ये ग्रीन बँक वेधशाळेभोवती सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा रेडिओ शांतता प्रदेश आखला. तो जवळजवळ तीन चंद्रपूर जिल्ह्यांएवढा आहे. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये खगोलशास्त्रासाठी स्वतंत्र कायदाच केला आणि पुढे कारूचा निर्जन पठारी प्रदेश राखला. ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ ही जगातली सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण तिथे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात उभी राहत आहे. भारताने तिच्यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले असून समन्वय एनसीआरएकडे आहे.

खोडदची गोष्ट निराळी. जागा निवडताना सभोवतालचे डोंगर, त्या वेळची रेडिओ शांतता आणि अक्षांश पाहिले गेले. चुंबकीय विषुववृत्तापासून दूर असल्याने आयनांबर तुलनेने शांत आणि तरीही दक्षिण आकाशाचा मोठा भाग नजरेत. पण ती वाळवंटात नाही. नांदत्या गावांत आहे. परिसर बदलणार, हे उघडच होते.

वाळवंटात गेल्यानेही सुटका नाही. लोफारनेच २०२४ मध्ये दाखवले, की स्टारलिंकच्या नव्या पिढीतील उपग्रहांमधून अनाहूतपणे गळणाऱ्या रेडिओ लहरी आधीच्या पिढीपेक्षा ३२ पट तीव्र आहेत. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला डोंगराचा आडोसा चालत नाही. रेल्वेला चालतो.

दुर्बीणच हलवली तर?

चंद्रपूर–गडचिरोलीच्या वाचकाच्या मनात येईल : आमच्याकडे जंगल आहे, शांतता आहे, इकडे आणा. ऐकायला बरे वाटते. पण ४५ मीटरच्या तीस अँटेना काँक्रीटच्या बुंध्यांवर उभ्या आहेत. त्या उचलून नेता येत नाहीत, नव्याने बांधाव्या लागतात. २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात वनजमीन मिळवणे काय असते, हे या जिल्ह्यांतील लोक जाणतात. आणि खाणी, वीज केंद्रे आणि ती वीज देशभर नेणाऱ्या वाहिन्यांचे जाळे पाहता आपली शांतता कानांपुरती आहे, रेडिओपुरती नाही.

मग रेल्वेचे काय?

‘दुर्बीण की रेल्वे’ असा प्रश्न विचारला की उत्तर आधीच चुकते. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ, चाकणचे कामगार, पुणे–नाशिक महामार्गावरची रोजची कोंडी हे सगळे खरे आहे. शिर्डीमार्गे गेलेली रेल्वे संगमनेरच्या प्रवाशाच्या कामाची नाही. दुसरीकडे, एकदा गाडी धावू लागली की बिघडलेली रेडिओ शांतता परत मिळवता येत नाही.

मधल्या वाटा तांत्रिक आहेत आणि त्यांना किंमत आहे. अंतर दुप्पट केले, की मोकळ्या जागेत त्रास एक चतुर्थांश होतो. मधे डोंगर आला, तर त्याहून कितीतरी कमी. दुर्बिणीजवळचा टप्पा बोगद्यातून किंवा खोल खोदलेल्या मार्गातून नेता येतो. बॅटरीवर काही अंतर धावणाऱ्या गाड्या जर्मनी आणि जपानमध्ये सेवेत आहेत. त्यांचा वेग मात्र २०० च्या बराच खाली आहे. यातला कोणता उपाय पुरेसा, हे भाषणांतून ठरणार नाही. प्रत्येक पर्यायात कोणत्या अँटेनावर कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट पोहोचेल आणि दुर्बिणीला किती सोसेल, हे दोन आकडे शेजारी ठेवले तरच ठरेल.

ते आकडे जुन्नर–संगमनेरच्या लोकांपुढे मराठीत, नकाशासह यायला हवेत. ‘राष्ट्रीय महत्त्वाचा प्रकल्प’ एवढे तीन शब्द ऐकून कुणी आपली रेल्वे सोडत नाही आणि सोडावी अशी अपेक्षाही रास्त नाही. शास्त्रज्ञांनी गावाशी नाते ठेवलेले आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनाला ग्रामीण भागातील हजारो विद्यार्थी येतात. ज्या मुलांनी तिथे अँटेना फिरताना पाहिली, त्यांच्याच घरात आज रेल्वेची चर्चा आहे. समजावून सांगायला याहून चांगला श्रोता मिळणार नाही.

कोरपन्यातून यात सहभागी होता येते का?

येते. जीएमआरटीची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. तिने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाशाच्या ९० टक्के भागाच्या सर्वेक्षणातील माहिती वापरून पश्चिम बंगालमधील संशोधकांनी २०२४ मध्ये ५३ नवे महाकाय रेडिओ क्वेसार शोधले. यामागचा गट मेदिनीपूरच्या एका महाविद्यालयातला होता.

डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘रॅड ॲट होम’ या उपक्रमात विज्ञान आणि अभियांत्रिकीचे पदवीधर घरबसल्या रेडिओ नकाशे तपासायला शिकतात. त्याच उपक्रमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रेडिओ लहरींतील एका दुर्मीळ दुहेरी कड्याचा शोध जाहीर केला. त्या प्रकारच्या कड्यांमध्ये ते आजवरचे सर्वांत दूरचे आणि शक्तिशाली ठरले. तो आकार माणसाच्या डोळ्याने पकडला होता. त्यासाठी लागते ती इंटरनेटची जोडणी, इंग्रजीतले थोडे वाचन आणि महिनोन्‌महिने एकाच प्रकारची धूसर चित्रे पाहण्याची चिकाटी. फोनच्या पडद्यावर सुरुवात होते, पुढे मात्र संगणक लागतो.